कागद कुठला?

आमच्या मंडळींचे किस्से म्हणजे जुना रंगाचा डबा. झाकण निघता निघत नाही, आणि निघालं की सगळ्यांचे कपडे खराब! परवा एकानं विचारलं, "त्या वेळी रविवारी चित्रं काढत हिंडायचा, मिळायचं काय तुम्हाला?" झाकण त्यानंच उघडलंय, आता भोगा म्हणावं.

गोष्ट एकोणीसशे सत्तरच्या आसपासची. आम्ही चौघं. ड्रॉइंगचे रिटायर्ड गुरुजी, दुकानांच्या पाट्या रंगवणारा सलीमभाई, बिद्रीच्या साखर कारखान्यातला वसंता आणि फ्रेमचं दुकान चालवणारा मी. घरी चित्र दाखवलं की "छान हाय, दळण आणलं काय?" एवढंच. म्हणून रविवारी कुठंतरी जायचं, काढायचं, आणि शेवटी चारी चित्रं झाडाला टेकवून एकमेकांना दाखवायची. खरं सांगू? त्या शेवटच्या टेकवण्यासाठीच सगळा खटाटोप!

चित्र फसलं तर गुरुजी वाईट बोलायचे नाहीत. निरखून बघायचे आणि विचारायचे, "कागद कुठला हो हा?" संपला विषय! वसंता नवा होता. पहिल्याच रविवारी खूश होऊन म्हणाला, "महाद्वार रोडचा, गुरुजी. तुमास्नी पण आणू काय दोन ताव?"

* * *

कागदाचा हा प्रश्न सगळ्यात जास्त ऐकला सलीमभाईनं. वर्षानुवर्षं! त्याच्या पाट्यांकडं माणसं मान वळवून बघायची, पण गुरुजींच्या तोंडून एकदा तरी "चांगलं" ऐकायचं, ही एकच इच्छा. एकदा मी विचारलं, "आठवडाभर ब्रश चालवतोस, रविवारी तरी आराम कर की!"

"आठवडाभर दुसऱ्याचं नाव रंगवतो," तो म्हणाला. "रविवारी माझं!"

आणि त्यानं सही ठोकली. पाटीच्या अक्षरात, खाली शेड देऊन, चित्रातल्या अर्ध्या तळ्यावर!

गुरुजी म्हणाले, "सही झकास. चित्र पुढच्या रविवारी काढ."

* * *

कळंब्याला तळं काढत बसलो होतो. मागनं तिथल्या जेलचा शिपाई आला. "काय वो पावणं, जेलचा नकाशा काढताय व्हय?"

त्यानं वसंताचं चित्र उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. "ह्यो नकाशा घिऊन कोण पळालं तर तळ्यातच गावंल. बसा निवांत." जाता जाता वळून म्हणाला, "कागद मातर झ्याक हाय. कुठला?"

गुरुजींना हसताना ठसका लागला. वसंता दोन रविवार आलाच नाही.

* * *

एकदा शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. दुपारपर्यंत कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. मग एक पटकेवाले पावणं आत आले. प्रत्येक चित्रासमोर मान हलवत फिरले.

"इकायचं हाय?"

"नाही," गुरुजी म्हणाले.

"मग काढलं कशाला?"

"तुम्ही बघायला यावं म्हणून."

"आलो की! पाणी हाय काय प्यायला?"

गुरुजींनी स्वतः तांब्या भरून आणला, वर चहाही पाजला.

* * *

शेवटी सलीमभाईचा पारा चढलाच. जोतिबाला जाताना एसटीत त्यानं जाहीर केलं, "आज कागदाचं नाव निघालं तर माझा रामराम! पाट्या बऱ्या. लोक वाचत्यात तरी."

आम्ही हबकलो. सलीमभाई गेला तर रविवारात राहिलं काय? वसंतानं गुरुजींना हळूच गळ घातली, "आज तेवढं चांगलं म्हणा की!"

"चांगलं असेल तर म्हणेन."

सलीमभाई दिवसभर देवळाजवळ एकाच जागी बसला. पायऱ्यांवर बसलेली नारळवाली म्हातारी त्यानं काढली, गुलालानं माखलेली. उन्हं कलल्यावर चित्रं टेकवली. गुरुजी त्या म्हातारीपुढं उभे राहिले ते राहिलेच. हातातला चहा गार झाला. मग म्हणाले,

"सलीम, कागद..."

सलीमभाई ब्रश गोळा करायला लागला.

"...कागद कुठाय रे?"

सलीमभाईचा हात थांबला. वसंता बिचारा मदतीला धावला. "समोरच हाय की, गुरुजी! चष्मा घाला."

चित्रावरची नजर न काढता गुरुजी म्हणाले, "चष्मा डोळ्यावरच आहे. मला म्हातारीच दिसतेय."