कुरडयांची राखण

ओल्या कुरडयांचा आंबूस वास आला की मला ताईचं गुलाबी पिल्लू आठवतं.

नाशिकरोडच्या क्वार्टरमध्ये असताना तिने बाजारातून रंगवलेलं कोंबडीचं पिल्लू आणलं होतं. आईने गच्चीवर कुरडया घातल्या, कावळे बिचकावेत म्हणून मधोमध काळी छत्री उघडून ठेवली आणि रात्रपाळीहून आलेल्या बाबांना राखणीला बसवलं. "बाबा, पिल्लाकडेही बघा," असं सांगून ताई परीक्षेला गेली. ऊन सोसेना तेव्हा बाबांनी ती छत्री स्वतःच्या डोक्यावर घेतली. घार कधी झेपावली, त्यांना कळलंच नाही. मी वर गेलो तेव्हा ओल्या कुरडईला गुलाबी पिसं चिकटली होती.

"डोळा लागला गं," ताई परतल्यावर बाबा एवढंच म्हणाले.

"असा कसा लागतो?" म्हणाली ताई, आणि कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

ताई आता नर्स आहे. आज रात्रपाळी संपवून थेट माझ्याकडे आली. बायकोने कुरडया घातल्या होत्या. "मी बसते राखणीला," ताई म्हणाली. चहा घेऊन वर गेलो, तर ती भर उन्हात कठड्याला टेकून गाढ झोपलेली.

मी कुरडयांमधली छत्री उचलली आणि तिच्यावर धरली. कावळे खुशाल खाली उतरले.