शुक्रवारचा मासा

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी विल्मा डायरीन स्वयंपाकघरात उभी राहून संत्र्याची साल किसत होती. वरचा केशरी भाग तेवढाच घ्यायचा. खालचा पांढरा भाग आला की सॉस कडू होतो, म्हणून ती प्रत्येक संत्रं किसणीवर हलक्या हाताने फिरवत होती. ओव्हन तापत होता आणि खिडकी बंद होती. फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, ओव्हन लावून खिडकी बंद ठेवणं हा वेडेपणा, पण त्या आठवड्यात रेडगेट बेमधल्या सगळ्याच खिडक्या बंद होत्या. वारा कुजका वास घेऊन खाडीकडून येत होता आणि किनाऱ्यावर मेलेल्या माशांच्या चरबीचे गोळे येऊन पडले होते, साबणाच्या वड्यांसारखे, आतून गुलाबी. कुत्री त्यांना तोंड लावत नव्हती.

सिंकमध्ये दोन सॅल्मन मासे होते. आमच्याकडे खाडीतल्या मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला शुक्रवारी एक मासा घरी न्यायला मिळतो. कंपन्या बदलल्या तरी ही रीत बदलली नाही. या महिन्यात एकाऐवजी दोन मिळू लागले होते, आणि दोन्ही मिळून पूर्वीच्या एकाएवढे भरत. याचा अर्थ लहान पोरांनासुद्धा कळत होता. पाणी तापलंय, मासे मरताहेत, म्हणून उरलेले वाढायच्या आतच बाहेर काढताहेत. बोलताना मात्र सगळे एवढंच म्हणत की बरं झालं, फ्रीझर भरला.

ब्रोडीच्या वाटणीचे हे मासे दुपारी केल पर्टन देऊन गेला होता. केल हा विल्माच्या मुलाचा, ब्रोडीचा, पाण्याखालचा जोडीदार; दोघेही पिंजऱ्यांत उतरणारे पाणबुडे. दोघे एकत्र उतरत आणि एकत्र वर येत. गाडीतून उतरताना केल लंगडत होता. शिडीवर गुडघा आपटला, म्हणाला.

केल गेल्यावर अर्ध्या तासाने सुनेचा, टेगनचा, फोन आला. ब्रोडी दोन रात्री झोपला नव्हता. खांदा ताणलाय म्हणत होता. मलम लावू देत नव्हता, डॉक्टरचं नाव काढलं की चिडत होता आणि उद्या शनिवार असूनही पाण्यात उतरायला निघाला होता. टेगनचं म्हणणं एवढंच की विल्माने त्याला एकदा बघावं. विल्माने स्वतःच्या नवऱ्याचा असा खांदा बघितलेला आहे. म्हणून तिने दोघांना जेवायला बोलावलं होतं.

विल्माचा नवरा मर्व्ह अ‍ॅबलोनी काढायचा. खडकाला चिकटलेले ते जाड शिंपले पट्टीने उचकटत दक्षिणेच्या थंड पाण्यात त्याने तीस वर्षं काढली. पाण्याखाली फार वेळ राहून भराभर वर आलं की रक्तात वायूचे बुडबुडे होतात आणि ते सांध्यांत, कधी मणक्यात अडकतात. त्याला आमच्याकडे ‘बुडबुडा लागला’ म्हणतात. अ‍ॅबलोनीवाल्यांचा त्यावर एक घरगुती उपाय होता. दुसऱ्या दिवशी परत खाली जायचं. खोल पाण्याच्या दाबाने बुडबुडा आवळला जातो आणि दुखणं थांबतं. मर्व्हचं दुखणं असं कितीतरी वेळा थांबलं. एका रविवारी ते थांबलं नाही. मित्रांनी त्याला ट्रकमध्ये घालून जवळच्या रस्त्याने, म्हणजे डोंगरावरून, होबार्टला नेलं. उंचावर हवा विरळ होते, बुडबुडे फुगतात. खिंडीत पोचेपर्यंत त्याचे पाय गेले होते. पुढची अकरा वर्षं तो याच स्वयंपाकघरात चाकांच्या खुर्चीत बसला. खुर्ची कधीच देऊन टाकली, पण सिंक ते टेबल एवढ्या पट्ट्यात लिनोलियमवर चाकांच्या दोन रेषा अजून दिसतात.

तेव्हा आज तिला बघायचं होतं ते एवढंच, की खांदा ताणलाय की बुडबुडा लागलाय. विचारून कळणार नव्हतं. मर्व्हनेही कधी कबूल केलं नव्हतं.

तिने मासे चिरले. मांस मऊ होतं. बोट लावलं तरी पाकळ्या सुटत होत्या. थंड वर्षांत असं होत नसे. तुकड्यांना सुटलेलं पाणी तिने कापडाने टिपलं, मीठ लावलं. संत्र्यांचा रस, परसातल्या झाडाच्या एका लिंबाचा रस, दोन मोठे चमचे लेदरवुडच्या फुलांचा मध, थोडी मोहरी, किसलेली साल, हे सगळं तिने मंद आचेवर ठेवलं आणि नेहमीपेक्षा जास्त आटवलं. मासा धड नसेल तर सॉसने त्याला धरून ठेवावं लागतं. चमच्यावरून दाट थेंब पडायला लागले तेव्हा तिने तो काचेच्या भांड्यात मांडलेल्या तुकड्यांवर ओतला. भांडं ओव्हनमध्ये गेलं तेव्हा बाहेर गाडी थांबली.

ब्रोडी चौतीस वर्षांचा आहे, बापासारखाच रुंद. आत येताच त्याने वास घेतला आणि विचारलं, आज काय आहे, त्याचा वाढदिवस की काय. विल्मा म्हणाली, मासे फुकटचे आहेत, मध तेवढा तिचा. केलने निवडले म्हणून असे मिळाले, ब्रोडी म्हणाला, त्याने स्वतः आणले असते तर मोठे निवडले असते.

“मोठे उरलेत कुठे,” टेगन म्हणाली. ती पॅकिंगमध्ये काम करते, रोज मासे तिच्या हाताखालून जातात.

ब्रोडीने बिअरची बाटली गुडघ्यांत धरली आणि उजव्या हाताने उघडली. डावा हात मांडीवर होता. विल्माने ते पाहिलं आणि काटे-चमचे काढायला वळली.

मग तो बोलत राहिला. नेहमी एवढा बोलत नाही. मेलेले मासे पिंजऱ्याच्या तळाशी साचतात, ते वर ओढणारा पाइप मंगळवारपासून सारखा तुंबत होता, म्हणून दोघांना खाली जाऊन हाताने पिशव्या भराव्या लागत होत्या. सात नंबरच्या पिंजऱ्यात कमरेएवढा थर आहे. तो काढला नाही तर वरचे जिवंत मासेही जाणार. खाली दिवा लावला की समोर दुधासारखं पाणी दिसतं आणि त्यात पांढरे डोळे. केल म्हणतो, आपण दोघं आता मासेमार नाही, मढी उचलणारे झालोय. हे सांगताना तो हसला.

विल्माने भांडं बाहेर काढून टेबलावरच्या लाकडी पाटावर ठेवलं. कडेने सॉस अजून उकळत होता, काळपट सोनेरी. लहानपणापासूनची ब्रोडीची सवय आहे, भांडं आलं की कोपऱ्यात चिकटलेला सॉस आधी चमच्याने त्याचाच. तिने हातमोजे काढेपर्यंत त्याने भांडं स्वतःकडे ओढलंही होतं. उजव्या हातात चमचा होता. डाव्या हाताने त्याने भांड्याची कड धरली होती.

ओव्हन दोनशे अंशांवर होता. ब्रोडी पाइपाबद्दल सांगत होता. त्याने चमचा कोपऱ्यात घातला, भांडं थोडं तिरकं झालं आणि उकळता सॉस कडेवरून त्याच्या बोटांवर आला, मधल्या बोटाच्या पेरापाशी जमला. तो सांगतच राहिला की नवीन पंप सोमवारी येणार आहे म्हणे.

टेगनने वर पाहिलं.

“ब्रोडी,” विल्मा म्हणाली, “हात काढ.”

“का?”

मग त्याने खाली पाहिलं. हात काढला, पण झटक्याने नाही. बोटांची कातडी पांढरी पडली होती. तो ती निरखून पाहत राहिला.

विल्माने त्याला सिंकपाशी नेलं आणि नळाखाली हात धरायला लावला. बराच वेळ गार पाणी जाऊ दिलं. मग त्याला खिडकीकडे बघायला सांगून मनगटाच्या वर, न भाजलेल्या जागी, एकदा गार चमचा टेकवला, एकदा कोमट, आणि प्रत्येक वेळी विचारलं, गार की कोमट. त्याने दोन्ही वेळा अंदाज केला आणि दोन्ही वेळा चुकला.

“कधीपासून?”

“कालपासून. मुंग्या येतात नुसत्या.” तो टेबलाशी परत येऊन बसला. “उद्या खाली गेलो की जाईल. खाली दुखत नाही, आई. आजसुद्धा खाली होतो तोवर काही नव्हतं. वर आलं की सुरू होतं.”

“हे तुला कोणी शिकवलं?”

“शिकवायला कशाला हवं? बाबा तीस वर्षं हेच करत होते.”

“आणि पुढची अकरा?”

तो म्हणाला, ते फार खोल जायचे, तो जेमतेम सोळा मीटरवर जातो. मग टेगनने विचारलं की दिवसातून किती वेळा. उत्तरही तिनेच दिलं. केलची बायको तिच्या शेजारच्या टेबलावर असते. नऊ वेळा, दहा वेळा. प्रत्येक पिशवीमागे एकदा वर, आणि दर वेळी भराभर.

आता तो चिडला. एकदा का हे कागदावर आलं की डॉक्टर पाण्यात उतरायची परवानगी काढून घेणार. कदाचित कायमची. मग काय करायचं त्याने?

“पॅकिंगला येऊन बायकांबरोबर बर्फ भरू?”

“भर की,” टेगन म्हणाली. “मी सहा वर्षं भरतेय. बोटं गारठतात, पण गारठलेली कळतात तरी.”

विल्माने फोन उचलला होता. अपघातग्रस्त पाणबुड्यांसाठी जो नंबर आहे तो फ्रिजवर मर्व्हच्या वेळेपासून चिकटवलेला आहे. पलीकडच्या डॉक्टरने विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं तिने थोडक्यात उत्तर दिलं. होबार्टच्या इस्पितळात दाबाची खोली, जिथे हवेचा दाब वाढवून बुडबुडे जिरवतात ती, तयार ठेवतो, तो म्हणाला. तोवर त्याला आडवं झोपवा, ऑक्सिजन द्या, अ‍ॅम्ब्युलन्स निघतेय.

“त्यांना सांगा, खालच्या रस्त्याने न्यायचं,” विल्मा म्हणाली. “किनाऱ्याच्या. लांब पडला तरी.”

अ‍ॅम्ब्युलन्सला पाऊण तास लागणार होता. ऑक्सिजनची सगळ्यात जवळची टाकी पाणबुड्यांच्या बोटीवर होती आणि बोटीची किल्ली गार्थ मॅकॉवेकडे. हा गार्थ ब्रोडीचा वरिष्ठ. उद्या कोण उतरणार ते तोच ठरवतो. पोरगेला असताना तो मर्व्हच्या नावेवर हवेची नळी सांभाळायचा, तेव्हा विल्माचा फोन आल्यावर त्याने प्रश्न विचारले नाहीत. टाकी घेऊन तो आला तेव्हा ब्रोडी लिनोलियमवर उताणा पडला होता, चाकांच्या रेषांमध्ये, आणि टेगन त्याचे बूट काढत होती.

गार्थने मुखवटा बसवला, टाकी सुरू केली. मग तो उठून विल्माजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “विल्मा, खांदाच ना? ताणलेला असू शकतो. घाईत काहीतरी लिहिलं जातं आणि मग मागे घेता येत नाही.”

विल्माने त्याला ब्रोडीचा हात दाखवला. बोटांवर फोड धरले होते. मग टेबलावरचं भांडं दाखवलं, आणि ब्रोडीने ते कसं धरलं होतं ते. गार्थने व्हरांड्यात जाऊन फोन लावला. बंद खिडकीतून आवाज येत नव्हता. तो खाडीकडे तोंड करून उभा होता आणि मोकळ्या हाताने नाक झाकत होता.

आत आल्यावर म्हणाला, उद्याचं जमवलंय. ब्रोडीच्या जागी तो स्वतः पाणबुड्याचा सूट घालणार. बऱ्याच वर्षांनी.

“आणि दुसरा?”

“केल आहेच.”

“त्याच्या गुडघ्याचं काय?”

“आपटलाय म्हणे.”

“गार्थ, त्याला एवढंच विचार. पाण्याखाली दुखतो का.”

गार्थने टाकीवरचा काटा वाकून पाहिला. काटा होता तिथेच होता. सात नंबरच्या पिंजऱ्यातले मासे आणखी दोन दिवस तग धरणार नाहीत, तो म्हणाला, आणि नवीन पंप सोमवारी येतोय. तेवढंच म्हणाला.

अ‍ॅम्ब्युलन्स सव्वासातला आली. उन्हाळ्यात आमच्याकडे तेव्हाही ऊन असतं. स्ट्रेचर दारातून वळवताना ब्रोडीने मुखवटा बाजूला करून सांगितलं की डावा पाय जरा जड वाटतोय. बसून राहिल्यामुळे असेल. टेगन आत बसली. गाडी फाट्यावर डावीकडे, किनाऱ्याच्या रस्त्याला लागली, ते दिसेपर्यंत विल्मा फाटकापाशी थांबली.

मासा तसाच होता. वरचा सॉस गार होऊन काचेसारखा कडक झाला होता आणि त्याखाली मांस पाकळ्या-पाकळ्यांनी सुटलं होतं. तिने तो टाकून दिला, भांड्यात गरम पाणी ओतून ठेवलं. मग केल पर्टनला फोन केला. फोन त्यानेच घेतला. ब्रोडीची चौकशी केली, वाईट वाटलं म्हणाला, खरंच वाटलं असावं. विल्माने आडवळणाने विचारलं नाही.

“तुझा गुडघा, केल. आज खाली असताना दुखत होता?”

“खाली?” तो हसला. “छे. खाली गेलो की एकदम मस्त वाटतं. काळजी नको करू, उद्यापर्यंत जाईल.”

तिने त्याला हात, भांडं, चमचे, मर्व्हचा रविवार, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, त्याने पायाच्या बोटांना चिमटा काढून बघितला, सगळं कळतंय. आणि तो गेला नाही तर गार्थ एकटा पडेल.

रेडगेट बेच्या धक्क्यावरून पाणबुड्यांची बोट शनिवारी सकाळी सहाला सुटते. उद्या पहिली उडी सात नंबरच्या पिंजऱ्यात, सोळा मीटरवर, आणि उतरणारे दोघे आहेत गार्थ मॅकॉवे आणि केल पर्टन.