कड्याकडेची वाट

आमच्या मुलाची बदली कोकणात झाली आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यानं बापाला समुद्राच्या कड्यावरून चालायला बोलावलं. तिथली वाट किनाऱ्यापासून वर चढते आणि कड्याच्या माथ्यावरून दीपगृहापर्यंत जाते. सकाळी निघायचं, वाटेत शिदोरी खायची, उन्हं कलायच्या आत पोचायचं. फोन स्पीकरवर होता. मी सौंसरच्या घराच्या अंगणात मुंगाच्या वड्या घालत होते. यांनी "येतो" म्हटलं आणि माझा हात पिठातच राहिला.

हे शाळेत भूगोल शिकवायचे. समुद्रकडा कसा तयार होतो हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवलं, पण समुद्र स्वतः कधी पाहिला नव्हता. त्यांची हौस मला समजत होती. मुलाला मात्र एक गोष्ट ठाऊक नव्हती. पावसाळ्यात नागपूरच्या बसची वाट पाहत उभे असताना हे अचानक कलंडले होते. डॉक्टर म्हणाले, कानातल्या दोषानं चक्कर येऊन तोल जातो, गोळ्या घ्या, बहुतेक जाईल. तो 'बहुतेक' माझ्या डोक्यातून निघेना. "पोराले सांगू नको," यांनी बजावलं होतं, "तो उगाच धावत येईन."

तेव्हापासून हे न्हाणीत गेले की मी बाहेर काहीतरी आवरत उभी राहायची. पाण्याचा आवाज थांबला की हाक मारायची, "झालं का हो?" आतून वैतागलेला आवाज आला की जिवात जीव यायचा.

आणि आता कडा!

घरात तयारी सुरू झाली. यांनी पांढुर्ण्याहून चांगली पकड असलेले बूट आणले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं सगळी वाट काढली. संध्याकाळी मोबाईलवर नकाशा मोठा करून मला दाखवायचे. एका जागी वाटेची रेघ पाण्याला इतकी लागून होती की मी मोबाईल दूर सारला.

"इथं खाली काय आहे?"

"काही नाही. लाटा."

"अन् माती सरकली तर?"

हा प्रश्न विचारायला नको होता. हे सरसावून बसले. लाटा कड्याला खालून पोखरतात, वर सारं घट्ट दिसतं, गवत वाढतं, गुरं चरतात, आणि एक दिवस वरचा भाग एकदम खाली येतो. हे त्यांनी इतक्या आनंदानं सांगितलं की मला रडू फुटलं.

"अवो, म्हणून तर काठापासून लांब चालाचं," ते म्हणाले. "तू काहून भेऊन राहिली?"

मीच मग हट्ट धरला की आधी इथं चालून पाहू. बोरगावजवळ एका तलावाची पाळ उंच आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दगडांचा उतार. पाठीवर पिशव्या घेऊन आम्ही सकाळीच गेलो. हे पुढं भराभरा चालत होते. मी मागून त्यांच्या पावलांकडे पाहत होते.

पाण्यावरून बगळ्यांचा थवा उठला. हे मान वर करून बघायला लागले आणि थांबले. एक हात हवेत पुढं गेला, भिंत चाचपडावी तसा. मी धावले, पिशवीसकट त्यांना मागं ओढलं, आणि आम्ही दोघं पाळीवर धप्पकन बसलो. त्यांची बुबुळं थरथरत होती.

"धरून ठेव," ते म्हणाले. हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी त्यांच्या पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी आवळून धरला.

थोड्या वेळानं ते उठले. "पडलो तर नाही ना?" एवढंच म्हणाले.

दुपारी हे भाजी आणायला गेले तेव्हा मी मुलाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"आई, हे तू मला आता सांगून राहिली?"

"त्यांनी नाही म्हटलं होतं रे."

"रद्द करतो मी. काही नको कडा-बिडा."

मागं वळून पाहते तर हे दारात उभे, हातात भाजीची पिशवी. मला वाटलं आता चिडतील. पण त्यांनी नुसता माझ्या हातातून फोन घेतला. "रद्द नको करू. मले एकदा पाहाचं आहे. तू म्हणशील तिथं थांबतो."

मुलानं मग बेत बदलला, मलाही सोबत बोलावलं. कड्याच्या मागं काजूच्या झाडांमधून दुसरी वाट होती, तिनंच जायचं. उघड्या माथ्यावर फक्त एका जागी यायचं, समुद्र पाहायला.

आमच्या बागेतला संत्रा उतरवून झाल्यावर आम्ही कोकणात गेलो. मुलगा पुढं, हे मध्ये, आणि मी मागं, त्यांच्या पिशवीचा पट्टा मुठीत धरून. समुद्र दिसायच्या आधी त्याचा आवाज आला, पायाखालून आल्यासारखा. झाडं संपली, काळा कातळ आणि वाळलं गवत लागलं. वाऱ्यानं पदर तोंडावर येत होता, पण तो सारायला मी मूठ सोडली नाही.

काठ बराच लांब असताना हे थांबले. समोर नुसतं पाणी. हे डोळ्यांवर हाताचा आडोसा करून पाहत राहिले.

"बाबा, आता आतल्या वाटेनं दीपगृहाकडे," मुलगा म्हणाला.

"नाही. इथूनच परत जाऊ."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "चक्कर येऊन राहिली का?"

"नाही वो. पाय नाही म्हणते."

मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. पण अनोळखी गावातसुद्धा बोळाच्या शेवटापर्यंत जाऊन आल्याशिवाय न परतणारा हा माणूस स्वतःहून मागं फिरत होता, आणि मला पाळीवरच्यापेक्षा जास्त भीती वाटली. त्या दिवशी त्यांना सावरायला माझे हात पुरले होते. त्यांचं हे मागं फिरणं कशानं सावरायचं ते मला सुचेना.

मुलानं कातळावर डबा उघडला. आम्ही दशम्या खाल्ल्या. उतरताना यांनी मुलासमोर माझा हात धरला, जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं, आणि गाडीपर्यंत सोडला नाही.