मागच्या मुक्कामाचं गाव

सगळं जमलं होतं. पाटोद्याच्या पाहुण्यांनी पोहे खाल्ले होते, आमच्या पोरीला पोरगा आणि पोराला पोरगी पसंत होती. सुपारी कधी फोडायची, एवढंच ठरायचं होतं. तेवढ्यात चहा आला आणि मी तोंड उघडलं.

गेली काही वर्षं मला एक नाद लागलाय. आपण मूळचे कुठले, हे शोधायचा. आमचे खापरपणजोबा मेंढरं घेऊन चकलांब्याला आले आणि इथलेच झाले, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. कुठून आले, ते मात्र मी म्हाताऱ्या माणसांना गाठून गाठून काढलं. हल्ली नातेवाईक मला लांबून बघितलं की वाट बदलतात. तर पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून मी म्हणालो, "आमी काय इथले न्हाई. मूळचे भीमेकाठचे." आणि गावाचं नावही सांगून टाकलं.

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "आमी बी तिथलेच की, पाव्हणं."

मला आधी आनंदच झाला. मग बायकोचा चेहरा दिसला. आडनावं वेगळी असली तरी मूळ गाव एक, म्हणजे कुळही एक असायची शक्यता. आणि भावकीत सोयरीक होत नाही. आतल्या खोलीत पोरीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"तुमचं देवक कोणतं?" त्यांनी विचारलं. देवक एक निघालं की विषय संपला.

मला सांगता येईना. माझ्या लग्नात देवक बसवलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो, पण माझं सगळं लक्ष नव्या बुटांकडं होतं. माझ्यानंतर घरात लग्नच झालेलं नाही, त्यामुळं बायकोनंही आमचं देवक कधी पाहिलेलं नव्हतं आणि तिला विचारायची सोय नव्हती. खापरपणजोबांच्या मेंढरांचे रंग सांगणारा माणूस देवकापाशी अडकला.

"इचारून सांगा," ते उठत म्हणाले. "तवर आमी सुपारीचं थांबतो." माणूस समजूतदार. पण पोहे उरले होते आणि त्यानंतर कुणी खाल्ले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी चौसाळ्याला आत्याकडं गेलो. आमच्या घरातलं मागच्या पिढीचं तेवढं एकच माणूस उरलंय. ती ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती.

"शमी," ती म्हणाली. "तुझ्या लग्नात डहाळी मीच आनली व्हती. कावून इसरलास रे?"

तिथूनच पाटोद्याला फोन लावला. "आमचं उंबर," पलीकडून आवाज आला, आणि त्यांनीही सुस्कारा सोडलेला मला ऐकू आला.

इथं मी उठून बसस्टँडवर जायला हवं होतं. पण मी शेंगा सोलायला बसलो आणि विचारलं, "मग एकाच गावात दोन कुळं कशी गं?"

"आपलं कुठलं आलंय ते गाव? म्हातारा तिथं मेंढरं घिऊन काही साल राह्यला, न्हाई जमलं, निघाला. चकलांब्यात लोकांनी इचारलं, कुठून आलास, तर मागच्या मुक्कामाचं नाव सांगितलं त्यानं. दुसरं काय सांगनार?"

"आन् त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी बी मेंढरंच व्हती की." मग हात थांबवून म्हणाली, "माझी आजी सांगायची, मेंढरं मोजताना तो भलत्याच बोलीत मोजायचा. घरात कुणालाच कळायचं न्हाई."

परतीच्या गाडीत मी सगळा वेळ तेच घोळवत होतो. कन्नड असेल का? तेलुगू? माणूस सगळं सोडून येतो, बोलतो इथलं, खातो इथलं, आणि मोजायला मात्र जुनंच वापरतो.

घरी आल्यावर आधी आमचं शमी, त्यांचं उंबर, हे सांगितलं. आत बांगड्या पुन्हा वाजायला लागल्या. मग बायकोला त्या मोजण्याचं सांगितलं आणि म्हणालो, "उद्या पाव्हण्यांनाच फोन करून इचारतो, त्यांच्यात कुणी असं मोजायचं का."

तिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला.

"अक्षता पडूस्तोर तुमच्या म्हाताऱ्याला हाय तिथंच बसू द्या," ती म्हणाली. "मग मेंढरं घिऊन कुठं बी जाऊ द्या त्याला."