किल्लीच्या रिंगमधली मंडई

“ताई, व्हायरस मारला मी. पण आता मंडईच नाई दिसून राह्यली.”

मी प्रिंटरच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. रोलरमध्ये कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा अडकला होता. मान वर केली तर जयपालभाऊ माझ्या दुकानातल्या कंप्युटरसमोर उभे. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि चेहरा पांढराफटक.

बालाघाटला बसस्टँडजवळ माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन दुरुस्त करायला मला फार वेळ लागत नाही. मशीनवाल्याची कहाणी ऐकण्यात दिवस जातो.

जयपालभाऊ राजेगावच्या वाटेवरच्या एका गावातले, तिथल्या मंडई समितीचे सचिव. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. एक दिवसाची जत्राच ती. झुले, जिलेबी, खेळणी, बांगड्या. जागा कुणाला कुठली, यावरून दरवर्षी कुरबुर होते. मागच्या वर्षी तर गेटजवळच्या जागेसाठी दोन जिलेबीवाले झारे घेऊन एकमेकांच्या अंगावर गेले. एक कटंगीचे लांजेवार, दुसरे गोंदियाचे शाहू. सोडवायला मध्ये पडलेल्या जयपालभाऊंच्या नव्या सदऱ्यावर पाक सांडला आणि त्यांच्यावर माश्या बसल्या. गावात दोन महिने लोक त्यांना ‘गोड सचिव’ म्हणत होते.

म्हणून यंदा त्यांनी सगळ्यांसमोर एका लहान मुलीच्या हाताने चिठ्ठ्या काढल्या. निकाल फळ्यावर लिहिला आणि मग एक्सेलमध्ये भरला. एक्सेलच्या चौकटी म्हणजे मैदान आणि प्रत्येक चौकट म्हणजे एक दुकान. मिठाई हिरवी, खेळणी पिवळी, बांगड्या गुलाबी. मला खरंच कौतुक वाटलं. फक्त एक घोळ होता. प्रत्येक दुकानदाराचा फोटो त्यांनी मोबाइलमधून होता तसा, अख्खाच्या अख्खा आत चिकटवला होता. फाइल बैलगाडीसारखी जड झाली होती.

मंडई दुसऱ्या दिवशी होती. शेवटची एक दुरुस्ती करून मोठी प्रिंट काढायची म्हणून ते आले होते. प्रिंटर बसलेला, म्हणून मी त्यांना म्हटलं, “तुम्ही तोवर दुरुस्ती करून घ्या.” त्यात माझं काही चुकलं नाही. पुढे जे झालं ते कुणाच्याही स्वप्नात आलं नसतं.

“काय केलं, पहिल्यापासून सांगा,” मी म्हटलं.

“काई नाई केलं. सेव्ह दाबलं अन् खर्रा आणाले गेलतो.”

“मग?”

“गाडी घेऊन गेलतो ना.”

पानठेला माझ्या दुकानासमोर आहे, रस्ता ओलांडला की झालं. पण जयपालभाऊ तिथेही मोटरसायकलने जातात. आणि मोटरसायकलची किल्ली, कपाटाची किल्ली आणि पेन ड्राइव्ह हे तिन्ही एकाच रिंगमध्ये. म्हणजे गाडी काढायची तर कंप्युटरमधून आधी पेन ड्राइव्ह उपटायचा. मी कपाळावर हात मारला. हाताला शाई होती.

“सेव्ह होऊन राह्यलं होतं, तेव्हाच काहून काढलं?”

“खाली हिरवी पट्टी सरकून राह्यली होती. म्हटलं, सरकू दे. आपण येतोच.”

आता इथे थोडं समजावून सांगावं लागेल. आपल्याला वाटतं, सेव्ह म्हणजे जुन्याच फाइलवर नवं लिहिणं. एक्सेल तसं करत नाही. तो त्याच पेन ड्राइव्हवर, त्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाइल बनवतो. तिचं नाव म्हणजे आठ अक्षर-आकड्यांची खिचडी. नवं सगळं तिच्यात लिहितो. लिहून झालं की जुनी फाइल काढून टाकतो आणि नवीला जुनीचं नाव देतो. बारशाआधी बाळ बिननावाचं असतं, तसं. हे एरवी डोळ्यांदेखत होतं आणि कळतही नाही. पण जड फाइल, जुनाट पेन ड्राइव्ह आणि खर्र्याची तलफ एकत्र आली. जुनी गेली होती, नवी तयार होती, आणि नाव ठेवायच्या क्षणाला जयपालभाऊ बाळच पळवून पानठेल्यावर घेऊन गेले.

“परत आल्यावर काय दिसलं?”

“कंप्युटर इंग्रजीत भांडून राह्यला होता. मी फुली दाबली. त्यानं अजून काई इचारलं, मी ‘नो’ म्हटलं. मग पेन ड्राइव्ह लावला, त मंडई गायब. अन् एक भलत्याच नावाची फाइल. आमच्या पोरानं सांगतलं होतं, असं अटरमशटर नाव दिसलं की व्हायरस. मारला त्याले.”

म्हणजे फुली दाबून स्क्रीनवरची मंडई घालवली, आणि पेन ड्राइव्हवरची मारली. माणूस नीट कामाचा आहे, यात शंका नाही. काही शिल्लक ठेवलं नाही.

“रीसायकल बिनमधी असन ना?” त्यांनी आशेने विचारलं.

नव्हती. पेन ड्राइव्हवरून पुसलेलं त्या टोपलीत जात नाही. एक्सेल दर दहा मिनिटांनी एक प्रत आपणहून ठेवतो, तीही पाहिली. पण सलग दहा मिनिटं जयपालभाऊ खर्र्याशिवाय बसलेच नव्हते.

“घरच्या कंप्युटरवर?”

“पेन ड्राइव्हमधीच त बनवलं.”

“चिठ्ठ्या?”

“चहाच्या चुलीत घातल्या. म्हटलं, आता कंप्युटरात आलं.”

“फोटो तरी काढला असन कोणी!”

“काढला. पाहुण्याच्या सत्काराचा. मागं फळा दिसते, पण त्याच्यासमोर पाहुणा आहे. मोठा पाहुणा आहे, ताई.”

मला हसू येत होतं, पण त्यांचे डोळे पाहून गिळलं. ते खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, “सगळ्यायले आपली जागा आठवते. पण ज्याले जे पाहिजे तेच आठवते. गेटची चिठ्ठी सुमनबाईची निघालती. बांगड्यावाली. जलमभर नालीजवळ बसली थे. मी सांगतलं तिले, बाई, यंदा गेट तुह्यं. आता कागद नसला त तिचं कोण आयकते?”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. लांजेवार. “सचिव साहेब, गेटजवळची चिठ्ठी माहीच होती ना?”

जयपालभाऊंच्या तोंडून भीतीने निघालं, “हौ.”

फोन ठेवला तोच शाहूंचा आला. “भैया, गेट के पास अपना ही है ना?”

“हौ हौ.”

“अहो भाऊ!” मी ओरडले. “फोन बंद करा पहिले!”

मी पेन ड्राइव्ह माझ्या मशीनला लावला. पुसलेली फाइल लगेच नष्ट होत नाही. फक्त तिची जागा ‘रिकामी’ म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मग संपलं. म्हणून अशा वेळी पेन ड्राइव्हवर काहीही नवं टाकायचं नाही, हा पहिला नियम. “पोराचे गाणे टाकाचे होते,” जयपालभाऊ म्हणाले. मी नुसतं पाहिलं. त्यांनी हात मागे घेतला.

फाइल शोधून काढायचं सॉफ्टवेअर सुरू केलं. आधी भजनं आली, मग कुणाचा तरी बायोडाटा, मग एक चिमुकली फाइल, मंडईच्याच नावाची, पुढे दोन चिन्हं लागलेली. जयपालभाऊ उडालेच. “हेच! हेच!”

उघडली. आत फक्त एक नाव होतं. माझं.

“ताई,” ते घाबरून म्हणाले, “मंडईत तुमचं एकटीचंच दुकान लागलं काय?”

ती पाळतीची फाइल. कुठल्या कंप्युटरवर फाइल उघडली आहे, तिथलं नाव एक्सेल तिच्यात टिपून ठेवतो. कंप्युटर माझा, म्हणून नाव माझं. हे त्यांना समजावेपर्यंत खाली अजून एक ओळ उमटली. आठ अक्षरांची खिचडी, पहिलं अक्षर पुसलेलं. पण फाइल चांगली जड होती. इतकी जड की फोटोंशिवाय दुसरं काही असूच शकत नव्हतं. ज्या फोटोंना मी मघाशी नावं ठेवली, त्यांनीच ओळख पटवली.

ती मी माझ्या कंप्युटरवर उतरवली, नावापुढे एक्सेलचं शेपूट लावलं आणि उघडली. क्षणभर पांढरं. मग हिरवं, पिवळं, गुलाबी. गेटजवळच्या गुलाबी चौकटीत सुमनबाई, फोटोसकट, कपाळावर आठ्या घालून बसलेल्या.

जयपालभाऊंनी स्क्रीनला नमस्कार केला. मलाही फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

प्रिंटर तोवर शुद्धीवर आला होता. मी दोन प्रती काढल्या, एक प्रत माझ्या कंप्युटरवर ठेवली आणि रिंगमधून पेन ड्राइव्ह वेगळा काढून दोरीत ओवून त्यांच्या गळ्यात घातला. “हा वेगळा अन् किल्ली वेगळी. अन् पेन ड्राइव्ह काढायच्या आधी फाइल बंद करून परवानगी घ्यायची. न विचारता काढायचा नाई.”

“हौ ताई. शपथ.”

ते गेले आणि लगेच परत आले. गळ्यात पेन ड्राइव्ह होता, गाडीची किल्ली माझ्या टेबलावर.

दुसऱ्या दिवशी मी मंडईला गेले. नकाशा गेटवर टांगलेला होता. लांजेवार आणि शाहू मैदानाच्या दोन टोकांना जिलेबी तळत होते आणि दोघंही जयपालभाऊंशी बोलत नव्हते. गेटजवळ सुमनबाईंकडे बायकांची ही गर्दी. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी माझा हात दाबून बांगड्या चढवल्या आणि म्हणाल्या, “इथून लोकाचे तोंड दिसते बाई. तिकडं नुसते पाय दिसत होते.”

तेव्हापासून जयपालभाऊ फार शिस्तीने वागतात. फक्त आठवड्यातून दोनदा तरी त्यांचा फोन येतो. “ताई, फाइल बंद केली. आता काढू काय?” मी हातातलं काम टाकून म्हणते, काढा. पेन ड्राइव्ह काढण्याआधी परवानगी घ्यावी, एवढंच मी सांगितलं होतं. कंप्युटरची घ्यावी, हे सांगायचं राहून गेलं.