माझ्या शब्दाचा भरवसा

सुमन, लग्न होऊन मी वैशाखरे सोडलं ते सत्त्याण्णव साली. फाट्यावर एसटी थांबली तेव्हा आई म्हणाली, "भिऊ नको गो. तुला समजतंय सगळं." तू सातवीत होतीस. मला सगळं समजतं, असं मलाही तेव्हा वाटायचं.

वाशिंदला तुझ्या भावोजींच्या ओळखीने औषधांच्या कंपनीत लागले. बाटल्यांवरची लेबलं तपासायचं काम. दोन वर्षं बरी गेली. मग चुकीच्या लेबलांचा एक खोका परत आला. तो माझ्या हातून गेला होता की दुसऱ्या कुणाच्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मला कुणी बोललंही नाही. पण तेव्हापासून छाती धडधडायला लागली. एकच बाटली पाचदा बघायची, तरी शेजारणीला विचारायचं, बरोबर आहे ना? घरी आमटीचं मीठसुद्धा ह्यांना चाखायला लावायची. एकदा हे वैतागून म्हणाले, "अगं, तुला जीभ नाही का?" मी रडत बसले.

कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा चिंतेचा आजार आहे. गोळ्या दिल्या. म्हणाल्या, एकदा बघायचं, ठरवायचं, पुढे जायचं. धडधडलं तर धडधडू दे. मी मिठापासून सुरुवात केली. कधी आमटी खारट झाली. आम्ही ती तशीच खाल्ली.

मी माहेरी आले असताना आईच्या छातीत दुखलं, ती दुपार तुला आठवत असेल. दादा म्हणाला, "पित्त असंल, काय नाय. उद्या बघू." दादाचं न ऐकता मीच जीप बोलावली आणि तिला मुरबाडला दवाखान्यात नेलं. पित्तच निघालं. परतताना दादा हसत होता. आई माझा हात धरून बसली होती. ती माझी समज होती की नुसती भीती, अजून उकलत नाही. आतून दोन्ही सारखीच धडधडतात.

परवा तू फोनवर विचारलंस, "ताई, नर्सिंगला शहापूरला जाऊ का? दादा नको म्हणतोय." मी म्हटलं, "जा." फोन ठेवल्यावर वाटलं, परत लावावा, थांब म्हणावं. लावला नाही. आता आई सांगते, तू ट्रंक भरायला घेतलीस.

घर वैशाखऱ्याला की वाशिंदला, मला सांगता येत नाही. पण माझ्या एका शब्दावर तू निघालीस, हे कळल्यापासून मला कुठेच परकं वाटत नाही.