सरांनी घेतलेली दहावी

“दिसी ऱ्हायनू का मी?” ऑनलाइन तासाला आमचे गणिताचे सर सगळ्यात आधी अहिराणीत हे विचारत. आणि ते कधीच दिसत नसत. कधी त्यांचा कान दिसे, कधी छताचा पंखा. एकदा तर तासभर गोठ्यातली म्हैसच दिसली. सरांनी “समजनं का?” विचारलं की आम्ही म्हशीकडे बघून माना हलवायचो.

कोरोनाच्या वर्षी दहावीला असलेली आम्ही शहाद्याजवळच्या गावातली पोरं. आमच्यातलं एखादं तुमच्याही गल्लीत असेल. घरात फोन एकच, तोही बाबांबरोबर केळीच्या बागेत जाणारा. भूमिती मी बागेतच शिकले. सर मध्येच खेकसत, “कोन आरडी ऱ्हायनं?” की बाबा पाण्याच्या मोटारीला शिव्या देणं थांबवत.

मग परीक्षाच रद्द झाली. सगळे पास! आम्ही नाचलो. पण अकरावीच्या प्रवेशाला गेलो, तर खिडकीतला माणूस हसून म्हणाला, “तुम्ही ते फुकटचे पास ना?” लग्नात, एसटी स्टँडवर, जिथे जाऊ तिथे तेच. माझी मैत्रीण कविता हुशार, तिला भरपूर मार्क पडले होते. तरी तिने आईला पेढे आणू दिले नाहीत. “काय तोंडाने वाटू?” म्हणाली.

हे सरांच्या कानावर गेलं. शाळा उघडल्यावर एका रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. बाकांवर खडूने नंबर घातलेले, दारात इस्त्रीच्या शर्टातले सर. “पाणी पिऊन या. आता बोलणं बंद.” घंटाही त्यांनीच बडवली.

आम्ही गंमत म्हणून गेलो होतो. पेपर हातात पडला आणि मी खरंच देवाचं नाव घेतलं.

थोड्या वेळाने मागच्या बाकावरच्या गोपाळची मान कविताच्या पेपरकडे लांबली. सरांनी मागून येऊन त्याची कॉलर धरली.

“काय करी ऱ्हायना रे?”

गोपाळने पेपरात तोंड खुपसलं. सरांचा चेहरा मात्र उजळला. नातवाने पहिलं पाऊल टाकावं तसे ते आनंदले. बाहेरच्या शिपायाला हाक मारून म्हणाले, “ये, देख! कॉपी करी ऱ्हायना हाऊ!” मग आमच्याकडे वळले. “आते तुम्ही खरा दहावीना!”

कविता हसता हसता रडायला लागली. “पेपर भिजवू नको,” सर म्हणाले, “मला तपासायचाय.”

त्यांनी तो तपासलाही, आणि निम्म्या वर्गाला नापास केलं. त्यात मीही होते. कविताला जेमतेम फर्स्ट क्लास मिळाला, आणि त्या संध्याकाळी तिने घरोघर पेढे वाटले.

यंदा सर निवृत्त होऊन सुरतेला मुलाकडे गेले. आम्हाला शाळेचा निरोप समारंभ मिळाला नव्हता, तो आम्ही सरांना स्टँडवर दिला. बसमध्ये चढून हार घातला, सगळे एकदम बोललो, त्यामुळे कुणाचंच भाषण ऐकू आलं नाही. कंडक्टर ओरडला तेव्हा कुठे आम्ही खाली उतरलो. बस हलली. खिडकीत बघतो तर सर गळ्यात हार घेऊन, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. शेजारच्या अनोळखी बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि त्या सरांच्या वतीने हात हलवत राहिल्या.